डब्यात मावलेला लेझर

रुग्णालयाच्या सूक्ष्मदर्शक विभागात सगळेच तिला ताई म्हणत, कारण विभागाची प्रमुख डॉक्टर ही तिची सख्खी धाकटी बहीण. धाकटी शिकावी म्हणून ताईने कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूंचे सांधे जुळवायचं काम धरलं. केसाएवढे दोन तंतू ती असे जोडायची की जोड शोधून सापडू नये.

जिवंत पेशी न कापता आतवर बघायचं तर प्रकाश सलग नको, अतिसूक्ष्म ठोक्यांत हवा. तसा प्रकाश देणारा जुना लेझर अख्खं टेबल अडवून बसायचा, वर त्याला थंड ठेवायला पाण्याचा पंप. धाकटीला तो बुटांच्या खोक्याएवढा हवा होता. दोन वर्षं डोकेफोड केली, पण काचेच्या तंतूवर चालणारा नवा लेझर ठोके धरेना. कुणी नुसतं दार उघडलं तरी रुसायचा.

"अगदी तुझ्यावर गेलाय," ताई म्हणायची.

एका दुपारी ताईने तंतू चार बोटं कमी केला आणि पीळ न देता रुंद रिळावर सैलसर गुंडाळला. बटण दाबताच पडद्यावर ठोके उमटले. तिने खोका हलवला, टेबलावर आपटला. ठोके तसेच! धाकटीने तिला मिठीच मारली. "ताई, या शोधाच्या पेपरवर पहिलं नाव तुझं!"

पेपर छापून आला. त्यात पाच नावं होती, ताईचं नव्हतं.

"अगं, तुला पदवी नाही. परीक्षकांनी शंका काढली असती," धाकटी नजर चुकवत म्हणाली.

"काढली का त्यांनी?"

"नाही. मीच म्हटलं, कशाला उगाच..."

 परक्याने केसाने गळा कापला असता, तर चार शिव्या हासडून ताई मोकळी झाली असती. इथे तक्रार करणार कुणाकडे? आईकडे?

वर्षभराने एका कारखान्यात तसे खोके बनू लागले, एकही चालेना. धाकटी घरी आली. "एकदा चल ना गं."

ताई गेली, कारण मेंदूतल्या गाठी तपासणारे डॉक्टर त्या खोक्यांची वाट बघत होते. कारागिरांना शेजारी बसवून तिने रीळ गुंडाळायला शिकवलं. धाकटी आत डोकावली तसा ताईचा हात थांबला.

"तू बाहेर थांब. तुला शिकवून झालंय माझं."

पेपरात नावाची दुरुस्ती कधीच झाली नाही. ताईने चष्म्यांच्या विभागात बदली मागून घेतली. धाकटीचा फोन आला की आईच्या तब्येतीचं तेवढं सांगते आणि ठेवून देते.