पडद्यावर आईचा हात

जळगावात आमच्या मेहरूणच्या गल्लीत एक केबलवाले भाऊ होते. लग्नांची व्हिडिओ शूटिंग करता करता त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला आणि संध्याकाळी तासभर गावच्या बातम्या, मुलांचे वाढदिवस, भजनं दाखवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कार्यक्रमाआधी पडद्यावर चिन्ह आल्याशिवाय स्टुडिओला वजन येत नाही, असं भाऊंचं ठाम मत. ते त्याला मोनोग्राम म्हणत. या मोनोग्रामांचा इतिहास दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिते.

पहिला केळीच्या घडाचा. पेंटरनं पत्र्यावर झकास रंगवला होता, पण टीव्हीवर तो शेवग्याच्या शेंगांची जुडी दिसायचा. जळगावचा माणूस बाकी सगळं सहन करील, केळीची थट्टा नाही. दुसरा थर्माकोलचा सूर्य, लाल मखमलीवर टाचलेला. खोलीत उकडतं म्हणून भाऊंनी टेबलफॅन लावला आणि ऐन कार्यक्रमात सूर्य खाली पडला. त्यानंतर कितीतरी दिवस गल्ली भाऊंना विचारायची, काय भाऊ, आज उजाडलं का?

तिसऱ्या वेळी ते आमच्या दारापाशी थांबले. आई सकाळची रांगोळी घालत होती. तिची बोटं ठिपक्यांशिवाय चालायची. एके काळी गल्लीतल्या कुठल्याही लग्नात मांडवातला रांगोळीचा चौक आईनंच काढायचा, असा रिवाज होता. वडील गेले आणि ते बोलावणं बंद झालं. पत्रिका यायच्या, जेवायचा आग्रह व्हायचा, ब्लाउज शिवायला तर आईशिवाय कोणाचं पान हलत नसे. फक्त रांगोळीला कोणी बोलावत नव्हतं. कोणी तोंडानं काही बोललं नाही, आईनंही विचारलं नाही. मी तेव्हा नववीत होते आणि सगळ्या गल्लीवर मनातून चिडलेली होते.

भाऊ म्हणाले, वहिनी, स्टुडिओत गेरूनं सारवून देतो. घोड्यावर, म्हणजे त्या दुपाखी शिडीवर, कॅमेरा चढवतो. तुम्ही रांगोळी काढायची आणि ती काढताना लोकांनी बघायची. मुहूर्त आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा. आई हातातली रांगोळी पुरी करून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी ती कोरं लुगडं नेसून गेली, एवढं मला आठवतं. मी घोडा धरून उभी होते. तिनं दोन मोर काढले आणि मध्ये कमळ. भाऊ वरून सारखे म्हणत होते, वहिनी, घाई नको.

घोडं अडलं ते नानांपाशी. नाना म्हणजे भाऊंचे काका. डिशची छत्री त्यांच्या गच्चीवर होती, त्यामुळे त्यांचा शब्द मोडायची सोय नव्हती. माणूस वाईट नव्हता. सणाच्या दिवशी घरोघर पहिल्यांदा दिसणार तो बिनबांगडीचा हात, लोक काय म्हणतील, एवढीच त्यांना धास्ती. त्यांनी तोडगाही काढला. शूटिंगमधला हात कापून टाका, नुसती झालेली रांगोळी दाखवा, कोणाला कळणारही नाही.

भाऊ घोड्यावरूनच खाली आईकडे बघायला लागले. आई कधी कोणाला उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"हात नको असेल तर रांगोळीही नको, नाना."

आणि ती झाडू शोधायला लागली. एवढी सुंदर रांगोळी ती स्वतःच पुसणार होती.

दारात भाऊंची आई बसली होती, सगळ्यांची अक्का. धुळ्याकडची, उभा जन्म जळगावात काढूनही बोली न सोडलेली. ती आखाजीच्या डाळीतले खडे निवडत होती. मान वर न करता दिराला म्हणाली, "आखाजीले आपन मरेलस्नी घागर भरतस ना? मंग तिना हातमा काय खोट शे? बठ्ठा गावले दखू दे."

तिच्या हातात खोट काय, सगळ्या गावाला बघू दे, असं अक्काचं म्हणणं. आमच्याकडे आखाजीला सकाळी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर पुजतात आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. दोन्ही एकाच अंगणात. नानांनी चहा मागवला. म्हणजे झालं, असं आम्ही समजलो. अक्का केव्हाच गेली, पण त्या एका वाक्यासाठी मी तिच्या पाया किती वेळा मनातल्या मनात पडले, त्याला गणती नाही.

पुढे कॉम्प्युटर आला आणि गरगर फिरणारी पृथ्वी मोनोग्राम झाली. छान होती. ती आमच्या जळगावची वाटत नव्हती, एवढंच.

पण त्या आखाजीच्या संध्याकाळी आमच्या शेजारच्या काकूंकडे सगळी गल्ली टीव्हीसमोर जमली होती. आई मागे दाराला टेकून उभी. पडद्यावर लाल जमीन आली, मग हात आला, चिमटीतून पांढरी रेघ सुटली आणि मोराची मान वळली. लहान पोरं पुढे सरकली. कमळ पुरं झालं. काकूंच्या मुलीची हळद आठ दिवसांवर आली होती. मग त्या उठल्या, सगळ्यांच्या देखत मागे आल्या आणि आईचा तोच हात धरून म्हणाल्या, चौक तुम्हीच काढायचा, मी आधीच यायला हवं होतं.

आई "येते" म्हणाली. घरी आल्यावर तिनं फळीवरचा, लग्नांना न्यायचा रांगोळीचा मोठा डबा काढला, जो वडील गेल्यापासून उघडला नव्हता. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. आम्ही दोघींनी मिळून ते उघडलं.