दोन चमचे कॉफी

चामराजपेटेत चंपाबाईंच्या घरून उपाशी बाहेर पडणं कुणालाच जमलं नाही. मीटर बघायला येणारा देवाप्पा तर त्यांच्या गल्लीची पाळी असली की घरून नाश्ता न करताच निघायचा. पोट भरलंय म्हटलं की बाई म्हणायच्या, "स्वल्प घे रे, स्वल्पानं काय होतंय?" आणि ते स्वल्प म्हणजे चार इडल्या. नवरा गेल्यावर लग्नामुंजींचा स्वयंपाक करून त्यांनी दोन मुलं वाढवली, आणि दारात जो दिसेल त्याला जेवू घातलं. कुणी दुखणं सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "सकाळी काय खाल्लंस?"

अशा बाईला चौऱ्याऐंशीव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि नेमकं गिळणंच गेलं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि बजावलं, तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, छातीत उतरला तर न्यूमोनिया होईल. घरी आणल्यावर दर तीन तासांनी नळीतून पातळ पेज सोडायचं काम शेषगिरीकडे आलं. हा त्यांचा थोरला, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, नियम म्हटला की मान तुकवणारा. आयुष्यभर जिनं त्याच्या पानात नको नको म्हणताना भात लोटला, तिला तो आता मापानं दोनशे मिली देत होता.

चंपाबाईंना हवी होती कॉफी. जीभ जड झाली होती, पण तक्रार अगदी स्पष्ट यायची. शेजारणींना, नर्सला, देवाप्पालासुद्धा त्या कन्नडमधून सांगत, "नन्न मग कॉफी कोडल्ला." मुलगा कॉफी देत नाही असा आई गावभर बोभाटा करतेय आणि देवाप्पा आपल्याकडे खुन्यासारखा बघतोय, हे सोसत शेषगिरी खाली बघून नळी धुवायचा. "सोमवारी विचारतो हं डॉक्टरांना," म्हणत त्यानं चार सोमवार ढकलले. डॉक्टर दर वेळी नाहीच म्हणाले.

पाचव्या रविवारी दुपारी घरात दोघंच होती. शेषगिरी स्वतःपुरतं कॉफीचं डिकॉक्शन दुधात घालत होता. वास आतल्या खोलीत गेला असणारच, पण हाक आली नाही. तो बघायला गेला तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मागायचंच तिनं सोडून दिलं होतं. बोभाटा करणारी आई त्याला परवडली असती, ही बघवेना. त्यानं तिला उशांना टेकवून बसवलं आणि एक चमचा तिच्या ओठांशी नेला. मग दुसरा. ठसका लागला नाही. चंपाबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "साखर कमी." दोघंही हसली. हसता हसता शेषगिरीला रडू फुटलं.

मंगळवारी ताप चढला. शुक्रवारी सकाळी त्या गेल्या. छातीत संसर्ग झाला, या वयात नळी असतानाही होतो, नुसती लाळही आत उतरते, असं डॉक्टर म्हणाले. शेषगिरीनं तोंड उघडलं, पण त्या दोन चमच्यांचं विचारायला त्याला काही केल्या जमलं नाही. ते 'हो' म्हणाले असते तर?

तेराव्याच्या पंगतीत त्याची धाकटी बहीण वासंती पानावर बसून नुसती रडत होती. तो वाढत वाढत तिच्यापर्यंत आला, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढा कसा रे दगड झालास, अण्णा? गावाला खाऊ घालणारी बाई ती. एक चमचा कॉफी घालवेना तुला तिच्या तोंडात? उपाशी पाठवलीस."

त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर तिचं रडणं तिथंच थांबलं असतं. आणि मग संध्याकाळपर्यंत तिनंही बोटांवर मोजलं असतं, रविवार, सोमवार, मंगळवार. तेच मोजत तिनंही उरलेला जन्म काढला असता.

"धीर झाला नाही गं," तो म्हणाला.

वासंती भरलं पान सोडून उठली. त्यानं तिला थांबवलं नाही.