माझी सही, तिच्या हातची

माझी बायको वारली त्याच्या सोळाव्या दिवशी बँकेने मला सांगितलं, की मी मी नाही.

गोष्ट नव्वदच्या सुमाराची. मालती शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन तिला तीन वर्षं झालेली, मला पाच. पण कागद नावाचा पदार्थ मी उभ्या जन्मात हाताळला नव्हता. पहाटे डोंबिवली सोडायची, रात्री साडेआठला उगवायचं आणि पाटावर बसायचं, एवढीच माझी संसारातली जबाबदारी. (ती मात्र चोख पार पाडली!) विजेचं बिल, विमा, पेन्शन, सगळं तिच्याकडे. ती गेली तेव्हा कपाटात सतरा फायली निघाल्या, आणि त्यातली एकही मी कधी उघडलेली नव्हती.

आमची मुलगी वैशाली कोपरीहून येऊन राहिली होती. ती शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे झेपणार नाही. घर बंद करा आणि आमच्याकडे चला."

"मला सगळं झेपतं!"

"काय झेपतं? काल गॅसचं पुस्तक म्हणून माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड दिलंत त्या माणसाला!"

जावई चांगला आहे हो. पण जावयाच्या घरी कॉटवर बसून 'चहा होतोय का?' म्हणून खाकरत राहायचं, हे काही मला जमणारं नव्हतं. मग असं ठरलं, की आठवड्याभरात बँकेतलं आमचं दोघांचं खातं मी माझ्या एकट्याच्या नावावर करून दाखवायचं. जमलं तर डोंबिवली, नाहीतर बोचकं बांधून कोपरी.

मृत्यूचा दाखला घेऊन मी ऐटीत बँकेत गेलो. अर्जावर सही ठोकली.

"काका, सही जुळत नाही," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"परत करतो."

परत केली.

"आता तर आधीच्या सहीशीही जुळत नाही!"

"अहो, चाळीस वर्षं हीच सही करतोय मी!"

बाईंनी नमुना सहीचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. त्यावर माझं नाव होतं. टपोरं, वळणदार, शेवटी झोकदार रेघ. (माझी सही म्हणजे शाईत पडलेलं झुरळ चालत गेल्यासारखी.) आणि ते अक्षर माझ्या चांगलं ओळखीचं होतं. पस्तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी त्याच अक्षरातल्या याद्या घेऊन मी वाण्याकडे जात होतो!

मग उलगडा झाला. खातं उघडलं तेव्हाच्या मॅनेजरची मुलगी मालतीच्या वर्गात. त्यांनी मुलीच्या बाईंना, म्हणजे मालतीला, कार्ड घरी नेऊ दिलं. मी नेहमीप्रमाणे ऑफिसात. मालतीने दोघांच्या सह्या करून टाकल्या!

आताचे मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला ओळखणारा खातेदार आणा."

शेजारच्या सबनीसांना घेऊन गेलो. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "वीस वर्षं ओळखतो मी यांना!"

"मग इथे सही करा."

सबनीसांनी केली. बाईंनी त्यांचं कार्ड काढलं. कार्डाकडे पाहिलं, सबनीसांकडे पाहिलं.

"काका, तुमचीही जुळत नाही."

घरी आल्यावर सबनीस वहिनींनी पोळी लाटता लाटताच सांगितलं, "मग कोण करणार सह्या? हे घरात असायचे कधी?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजर थकून म्हणाले, "काका, सही बदलून घ्या. सोपं आहे. एक अर्ज द्या."

"देतो!"

"त्यावर फक्त जुनी सही लागेल."

घरी येऊन मी शंभर पानी वही आणली. स्वतःचीच खोटी सही शिकायला! पासबुकात एक जुना अर्ज सापडला, त्यावर मालतीने केलेली माझी सही होती; तो समोर ठेवून वैशाली शिकवणीला बसली.

"बाबा, शेपटी वर घ्या. आई अशीच करायची." मग एकदम थबकली. "म्हणजे माझ्या प्रगतिपुस्तकावरची सहीसुद्धा... मी सहावीत गणितात नापास झालेले, ते तुम्हाला माहीतच नाही?"

"तू नापास झालेलीस?"

"जाऊ दे. शेपटी वर."

तीन दिवस गिरवत होतो. मालतीचा हात कुठे थांबायचा, कुठे झपकन वळायचा, हे तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत बघायला सवडच झाली नव्हती.

सातव्या दिवशी वैशालीसकट बँकेत गेलो. श्वास रोखून दोन्ही अर्जांवर सही केली, खात्याच्या आणि सही बदलायच्या.

"बघा!" बाई म्हणाल्या. "मन लावून केली की येते!"

वैशाली हळूच म्हणाली, "राहा मग इथेच. पण रविवारी जेवायला यायचं."

बाईंनी कोरं कार्ड पुढे केलं. "आता यावर तुमची नेहमीची सही करा."

मी पेन उचललं आणि मालतीची केली.

"अहो काका, ही तर जुनीच झाली!"

"तीच राहू द्या बाई," मी म्हटलं. "माझ्या सहीवर घर चालेल असं मुलीलाच काय, मलाही वाटत नाही!"