सत्ताविसावा प्रश्न

मेस्त्रे शहरात लोरिस मारांगोनच्या घरी विद्यापीठातली मुलं अजूनही येतात. "त्या दिवसांचं सांगा," म्हणतात. लोरिस संपाचं सांगतो, पोलिसांच्या लाठ्यांचं सांगतो, चार गोष्टी वाढवूनही सांगतो. पण ओत्तोरिनो बुसेत्तो हे नाव निघालं, की त्याला एकदम कॉफी टाकायची आठवण होते. स्वयंपाकघरात जाऊन तो बराच वेळ उभा राहतो.

तेव्हा, एकाहत्तर साली, तो मार्गेराच्या रासायनिक कारखान्यात वेल्डर होता. वय सव्वीस आणि जीभ तिखट. दर रविवारी सकाळी स्टेशनमागच्या खानावळीत पादोव्हाहून प्राध्यापक कोंतारेल्लो येत आणि दहा-बारा कामगार त्यांच्याभोवती बसत. प्राध्यापक म्हणत, राजकारण रोमच्या संसदेत शोधू नका, ते यंत्रापाशी उभ्या माणसाच्या मनात आहे. तत्त्वज्ञानानं त्याला शिकवायचं नाही, विचारायचं. कामगाराला काम प्यारं असतं हे मालकांचं थोतांड, आणि आपल्या थोर कम्युनिस्ट पक्षाचंही. त्याला मुळात काम नकोच आहे.

मग ठरलं, कामगारांनीच कामगारांना चाळीस प्रश्न विचारायचे आणि उत्तरं छापायची. एकही उत्तर हाती आलेलं नसताना लोरिस भर बैठकीत म्हणाला, "आमच्या खात्यात काम आवडणारा एक माणूस दाखवा, मी मिशा उतरवतो!" सगळे हसले. प्राध्यापक मात्र गंभीरपणे म्हणाले, "हा जे बोलला ते आमच्या दहा ग्रंथांत नाही." झालं, स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली.

पहिला नंबर त्यानं आपल्याच खात्यातल्या ओत्तोरिनोकाकांचा लावला. बाप गेल्यावर याच काकांनी त्याला हात धरून वेल्डिंग शिकवलं होतं. काका परसातल्या भाजीला पाणी घालत होते. सव्वीस प्रश्नांवर त्यांनी कारखान्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि लोरिसची पेन्सिल खुशीत धावली.

"सत्तावीस. पाळी संपल्यावर स्वतःच्या कामाबद्दल काय वाटतं?"

काका थांबले. "मी सांगेन ते लिहिशील?"

"एक अक्षर बदलणार नाही, काका."

"सांधा निवला ना, की हातमोजा काढून वरून बोट फिरवतो. कुठं अडलं नाही, की बरं वाटतं बघ. बाकी तो धूर, तो वास, तो मालक, सगळं गेलं खड्ड्यात. पण सांधा माझा असतो, पोरा."

लोरिसनं लिहून घेतलं. घरी आल्यावर ते वाक्य त्याला छळायला लागलं. हे वाचल्यावर प्राध्यापकांचा चेहरा कसा होईल? शेवटी त्यानं खोडरबर उचललं. काकांना स्वतःचं मन कुठं कळतं, अशी समजूतही काढली स्वतःची. लबाडीला कारण कधी कमी पडत नाही.

छापून आलं ते असं : "सांध्याकडे मी वळूनही बघत नाही. थुंकतो मी त्याच्यावर. – ओ. बी., वेल्डर, एकतीस वर्षं नोकरी." खात्यात ओ. बी. एकच होते.

सकाळच्या पाळीला फाटकावर पत्रकं वाटायला लोरिसच उभा होता. काकांनी त्याच्याच हातून एक घेतलं आणि घडी करून खिशात घातलं.

जेवणाच्या सुट्टीत कँटीन पेटलं. "काय रे ओत्तोरिनो, एकतीस वर्षं थुंकीनं सांधे जोडलेस होय? तरीच गळतात!" हशा पिकला. नळ्यांवर चढणारा एकजण मात्र हसला नाही. "तुझ्या जोडावर पाय देऊन आम्ही वर चढतो, बाबा," एवढंच म्हणाला. काकांनी चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर लोरिस बसला होता. सभेत ज्याचं तोंड आवरत नसे, त्यानं पावाचा तुकडा तोंडात कोंबला आणि चावत राहिला. त्या पावाची लाज त्याला आजही वाटते.

दोन वाजता पाळी सुटली तेव्हा काका सायकलपाशी थांबले होते. त्यांनी पत्रक पुढं केलं. "वाचून दाखव. चष्मा घरी राहिला."

लोरिस वाचू लागला. पंचवीस, सव्वीस. सत्ताविसाव्याला तो अडला. छापलेलं वाचायची छाती होईना. मग कागदावर नजर ठेवून तो म्हणाला, "सांधा निवला, की हातमोजा काढून वरून बोट फिरवतो. कुठं अडलं नाही, की बरं वाटतं. बाकी धूर, वास, मालक, सगळं गेलं खड्ड्यात. पण सांधा माझा असतो."

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग वरच्या खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, पत्रक घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. लोरिसला तोंड कुठं लपवावं कळेना.

"म्हणजे पाठ आहे तुला," काका म्हणाले. "मी सकाळपासून मनाला सांगत होतो, पोराची ऐकण्यात चूक झाली असेल."

"काका, मी..."

काकांनी चष्म्याची घडी घालून तो खिशात ठेवला. सायकलवर बसताना ते म्हणाले, "चला मारांगोन, तुम्हाला उशीर होत असेल." इतक्या वर्षांत काकांनी 'तुम्ही' फक्त साहेबांनाच म्हटलं होतं. निवृत्त होईपर्यंत मग ते लोरिसलाही म्हणत राहिले.