मॅडमचा मका

“असू दे भाऊ, दुसरी आहे ना!” काच फुटली, बस चुकली की आमच्या मॅडम हेच म्हणायच्या. उज्जैनच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. बस चुकल्यावरही हसणारं माणूस तुम्ही पाहिलंय कधी?

हे वाक्य त्यांना मक्यानेच शिकवलं असणार. प्रयोगशाळेमागच्या वाफ्यात त्यांचा मका असे. त्यातल्या काही झाडांना तुरा झकास यायचा, पण कणसात दाणा म्हणून धरायचा नाही. मी कारण विचारलं.

“गवताच्या कुळात फूल घडवणाऱ्या काही जीनच्या दोन-दोन प्रती असतात, भाऊ. इथे एक बिघडलीय. तुऱ्याचं काम दुसरी एकटी सांभाळते. कणसात मात्र बिचारीला जमत नाही.”

ते दिवस कंप्युटरचे. मुलं टावर चौकातल्या क्लासकडे पळत होती आणि आमच्या वर्गात उरली होती चौघं. मॅडमना त्याचं काही नव्हतं. बारा वर्षं जपलेल्या त्या बियाण्यात त्यांचा जीव अडकलेला.

एका पावसाळ्यात वडील आजारी पडले म्हणून त्या ग्वाल्हेरला गेल्या. “होतं नव्हतं ते बी पेरलंय, भाऊ. मका सांभाळा हं.”

मी जिवापाड सांभाळला. बिनदाण्यांची कणसं मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवली. भरलेली मात्र साऱ्या स्टाफने कोवळीच भाजून, लिंबू-मीठ चोळून फस्त केली.

परत आल्यावर त्यांनी कपाट उघडलं. “आणि भरलेली?”

“ती साधीच होती, मॅडम. खाल्ली.”

त्या खुर्चीवर बसल्या. “रिकाम्या कणसातून बी कुठून येणार, भाऊ? चांगल्या दिसणाऱ्या झाडांच्या पोटातच तो दोष लपलेला असतो. बी त्यांचंच धरायचं असतं.” मग हसल्या. “कैसे लगे भुट्टे?”

“गोड होते,” म्हणालो आणि मला रडू आलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते नेहमीचं वाक्य काही आलं नाही.

पुढच्या वर्षी वाफ्यावर सायकल स्टँड झालं. मॅडम कायमच्या ग्वाल्हेरला गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या.

पावसाळ्यात मी अजून टावर चौकात भुट्टा घेतो. सोलल्यावर एखाद्यात दाणेच नसले की भुट्टेवाला ओशाळतो. “लाओ बाबूजी, दूसरा है ना!”

मी नको म्हणतो आणि ते रिकामं कणीस पिशवीत ठेवतो. मॅडमना दाखवावंसं फार वाटतं.