विहिरीतून शेततळ्याकडे

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी न लाजता सांगते. माझं काम मॉडेलं जोडायचं. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरात मांडलेलं शिवाराचं पाणी. एक प्रोग्राम पावसाचं पाणी जमिनीवरून कसं वाहतं ते सांगतो, दुसरा जमिनीखालचं. दोन्ही वेगळ्या माणसांनी लिहिलेले. एक रोजचं पाणी मोजतो, दुसरा महिन्याचं. एकाचं दुसऱ्याला समजावं म्हणून मधला प्रोग्राम मी लिहिला. पाच महिने गेले त्यात.

तो पहिल्यांदा न अडता चालला तेव्हा मी टेंभुर्णीला घरीच होते. बाबांना दोन एकर मोसंबी लावायची होती. रोपं सांगून ठेवलेली, फक्त माझ्या उत्तरासाठी थांबले होते. स्क्रीनवर आमच्या विहिरीला ऐन मे महिन्यात भरपूर पाणी दिसलं.

"लावा बिनधास्त," मी म्हणाले.

आई शेंगा फोडत होती. "मे मधी? आपल्या हिरीत? मंग धुणं तुझ्या त्या कम्प्युटरवरच नेते."

बाबा स्क्रीनजवळ आले. "हा तळ्याकडून हिरीकडं जाणारा बाण कशाचा?"

"शेततळ्यात पाऊस साचतो, मुरतो, विहिरीला मिळतो."

"अगं माय, शेततळं आपण हिरीतून मोटर लावून भरतो! अन् खाली प्लास्टिकचा कागद हाये. मुरंल कुठून?"

"कागद टाकताना एक कोपरा हिनंच तर धरल्ता," आई म्हणाली.

धरला होता खरा. पहिल्या प्रोग्रामला तळं म्हणजे पाणी जिरवायची जागा. दुसऱ्याला विहिरीतला उपसा कळतो, पण उपसलेलं पाणी जातं कुठं ते कळत नाही. दोघंही आपापल्या जागी बराबर. चूक माझ्या जोडणीत होती. तळ्यातलं पाणी मी विहिरीला फुकटात परत देत होते.

दुपारभर बसून मी बाण उलटा केला, मुरणं बंद केलं. शिवारातल्या कोणकोणत्या तळ्यांना कागद आहे ते बाबा बसल्या जागेवरून सांगत गेले. पुन्हा चालवलं. दोन एकरांना विहीर एप्रिलातच तळ गाठत होती. एका एकराला पावसाळ्यापर्यंत पुरत होती.

"एकच एकर लावा," मी म्हणाले.

"आता बराबर बोलून राह्यली."

बाबांनी लगेच रोपवाल्याला फोन लावला. "निम्मीच रोपं द्या. न्हाई न्हाई, पैशाचं काही न्हाई. पोरीनं पाणी मोजलंय. हो, इंजिनिअर हाये ना ती."

मी भूगोल शिकलेय. पण म्हटलं, चालेल.