तीन कॅमेरे आणि बाबांची पन्नासची लेन्स

तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्याकडे माणसांची लग्नं होत नाहीत, आणि लग्नं नसली की लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांचे कॅमेरे कपाटात पडून असतात. कसालला माझा एक शाळेतला मित्र हाच धंदा करतो. दिवाळी झाली तसा मी त्याच्यामागे लकडा लावला, "तुझे कॅमेरे जरा माका दी रे. वापरून बघतंय आणि मगे माझो घेतंय." शेवटी तो कंटाळला. दोन स्वतःचे आणि एक आपल्या भागीदाराचा असे तीन कॅमेरे घेऊन तो बाईकवरून आचऱ्याला आमच्या घरी आला आणि पडवीत चटईवर त्याने ते ओळीने मांडले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वर्षभर मी या तिघांची तुलना इंटरनेटवर बघत होते. कोणाचा फोकस चांगला, कोणाचे रंग चांगले, कोण तापतो, कोण रडतो. आता ते तिघे माझ्यापुढे होते आणि मला चहा सुचत नव्हता.

मी शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर गावातल्या गोष्टींचे छोटे व्हिडिओ करते. मोबाइल आता पुरेना. मला सिनेमासारखं चित्र हवं होतं, लेन्स बदलता येणारा कॅमेरा हवा होता, आणि तोही शिक्षिकेच्या पगाराला झेपणारा. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण त्याच पडवीत आरामखुर्चीत बसलं होतं, पेपर तोंडापुढे धरून. मला बाबांना परत कॅमेऱ्यामागे उभं करायचं होतं.

बाबांचा मालवणच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या तालुक्याच्या लग्नामुंजीचे, बारशाचे, निरोपसमारंभाचे फोटो त्यांनी काढलेले. मग मोबाइल आले. गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोपुरतं उरलं, पुढे तेही आटलं, आणि एक दिवस बाबांनी स्टुडिओचं शटर ओढलं ते कायमचं. "आता कॅमेऱ्याकच डोळे इले," ते म्हणाले, "माझे कित्याक व्हये?" त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मोबाइलवर साधा फोटो काढायला सांगितला तरी मान फिरवायचे. बाजारात जाणं बंद, देवळात जाणं बंद, दिवसभर ती खुर्ची. आई मला एकटीला गाठून म्हणायची, "बसान बसानच संपतलो गो ह्यो माणूस." मला तर त्या खुर्चीचाच राग यायला लागला होता.

तर परीक्षा सुरू झाली. आम्ही तिन्ही कॅमेऱ्यांना नावं दिली. पहिला हुशार. नवाकोरा, चेहरा दिसला की स्वतःच डोळ्यावर फोकस धरणारा. आई चुलीपाशी बांगडे तळत होती. ती फडताळाकडे गेली, परत आली, खाली वाकली, पण हुशारने तिच्यावरून नजर काढली नाही. मी नाचलेच. मग कॅमेरा हातात घेऊन दोन पावलं चालले, तर आई, बांगडे आणि चूल सगळेच गदगदा हलायला लागले. चित्र स्थिर ठेवायची सोय त्याच्या पोटात नव्हती. दुसरा खोका, नावासारखाच चौकोनी. त्याचे रंग बघून मी चुलीपुढे मांडीच घातली. हळदीचा पिवळा खरा हळदीचा, धुरातून येणारं ऊन अगदी पडद्यावरच्यासारखं. पण बांगडे उलटायच्या आत त्याची बॅटरी संपली. तिसरा निवांत. जुनं मॉडेल, आतला सेन्सर लहान, काळोखात चित्रावर रव्यासारखे दाणे येतात, फोकस शोधताना बिचारा वाट चुकतो. पण हातात धरून अंगणभर फिरले तरी चित्र हललं नाही.

"डोळे मिटून हुशार घे," मित्र म्हणाला. "बाकीचे दोघे तुका छळतले."

"माका छळणारोच व्हयो," मी म्हटलं. बाबांचा पेपर बराच वेळ त्याच पानावर होता.

मग मित्राने बॅगेतून एक पितळी कडं काढलं. म्हणाला, हे कडं मध्ये लावलं की जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स या नव्या कॅमेऱ्यांवर बसते. मी जागची उडालेच. "आये, बाबांची पन्नासची लेन्स खंय आसा?"

आमच्या किनाऱ्यावर लेन्सचा खरा वैरी म्हणजे दमट हवा. काचेच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि लेन्स वाया जाते. स्टुडिओत बाबांचं बल्ब लावलेलं कपाट होतं, आत कायम ऊब. स्टुडिओबरोबर कपाटही गेलं. आई आत गेली आणि घट्ट झाकणाचा एक डबा घेऊन आली. झाकण उघडलं मात्र, पडवीभर सुक्या गोलम्याचा वास पसरला. गोलमो म्हणजे आमच्याकडचा सुकवलेला बारीक जवळा. त्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, बाबांची लेन्स होती.

पेपर खाली पडला. "गोलम्याच्या डब्यात? माझी लेन्स तू गोलम्याच्या डब्यात ठेवलंस?"

"मगे खंय ठेवू?" आईसुद्धा काही कमी नव्हती. "घरात तेवढोच एक डबो वारो घेणा नाय. माझ्या गोलम्याक कधी बुरशी धरली?"

बाबांनी लेन्स तिच्या हातातून जवळजवळ ओढली. कडेने, फक्त बोटांच्या टोकांनी धरून उजेडाकडे वर केली आणि एक डोळा मिटून आत बघितलं. फिरवली, परत बघितलं. बुरशीचा एक तंतू नव्हता. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "वास जावचो नाय आता," एवढंच पुटपुटून त्यांनी लेन्स मला दिली आणि पेपर उचलला. पण कित्येक दिवसांत ते एवढे चिडले नव्हते, आणि मी एवढी खूश झाले नव्हते.

मित्र आमच्याकडेच मुक्कामाला राहिला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण होती. होडी अर्धगोल फिरून पाण्यात जाळं सोडत येते आणि किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा दोर ओढत राहतात. यात दोराला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना. आम्ही तिन्ही कॅमेरे घेऊन निघालो तसे बाबा सदरा चढवून पायरीवर आले. "मी बांगडो बघूक येतंय," ते म्हणाले. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे, आणि तिने पटकन त्यांच्या चपला पुढे केल्या.

वाळूवर ऊन नुसतं भाजत होतं. मी लेन्सपुढे काळी काच बसवली. व्हिडिओत शटर संथ ठेवावं लागतं, तरच हालचाल मऊ दिसते. आणि शटर संथ ठेवलं की उजेड फार आत येतो, तो अडवायला ही काच.

"कॅमेऱ्याक चष्मो कित्याक?" मागून आवाज आला.

मी वळलेसुद्धा नाही, उगीच पाखरू उडून जायचं. शांतपणे सगळं सांगितलं. बाबा फक्त "हं" म्हणाले. पण स्टुडिओ बंद झाल्यापासून कॅमेऱ्याबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली.

आधी हुशार काढला. दोर ओढणारी माणसं एकामागे एक, वाकलेली. हुशारला वेडच लागलं. या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर, तिथून टोपली घेऊन आडव्या गेलेल्या बाईवर, तिथून कुत्र्यावर. एवढ्यात तो तापला आणि सूचना देऊन बंदच पडला. खोक्याचा पडदा उन्हात दिसेना. मित्र त्याच्यावर छत्री धरून उभा राहिला, तेवढ्यात रापणकरांनी त्याला हाक मारली, "अरे, उभो काय ऱ्हवलंस, हात लाय!" आणि तो छत्री टाकून दोराला लागला. खोका मी बॅगेत घातला.

उरला निवांत. त्याच्यावर बाबांची लेन्स चढवली. लेन्स जुनी, ती कॅमेऱ्याशी बोलत नाही. म्हणून ही पन्नास मिलिमीटरची आहे असं त्याला आपणच सांगावं लागतं, तरच तो चित्र स्थिर धरतो. ते केलं. फोकस जिथे बसेल तिथल्या कडा लाल दाखवायलाही सांगितलं. आणि लेन्सवरचं फोकसचं कडं फिरवायला लागले. पण दोर ओढणारा माणूस मागे मागे सरकत जातो, शेवटाला पोचला की दोर सोडतो, धावत पाण्याकडे येतो आणि पुढून परत धरतो. मी एकाला फोकसमध्ये आणेपर्यंत तो मागे गेलेला असायचा. बाबा माझ्या मागे नुसते चुळबुळत होते.

"अगो, तो मागे जाता, तेका सोड. पाण्यातसून कोण येता तेका धर." थोड्या वेळाने पुन्हा, "आधी कोणाक बघूचा हा, ता ठरय तरी!" आणि मग, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता ते दोन शब्द: "दी हडे." हात पुढे आला होता.

"हे बटण दाबलं की..." मी सांगायला गेले.

"माका म्हायत आसा."

कोपर बरगडीला टेकवलेलं, डावा तळवा लेन्सखाली, डोळा कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला. कडं फिरवणारी बोटं जराही चाचपडत नव्हती. बाबा खाली बसले, उठले, पँट भिजवत गुडघाभर पाण्यात शिरले. लोक त्यांना ओळखत होते. "अरे, फोटोवाले इले!" कोणीतरी ओरडलं आणि बाबांनी एका हाताने त्याला गप्प केलं. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

इतक्यात मित्र आला, दोराने तळहात लाल झालेले. माझ्या कानाशी म्हणाला, "गो, बाबा काय करतत बघ. एकदा दाबतत, परत दाबतत. चालू-बंद, चालू-बंद होताहा ता."

मी बघितलं. बाबा फोटो काढत होते. नेम धरून थांबायचे, माणूस, दोर आणि लाट मनासारखी जुळली की नेमक्या त्या क्षणी बटण दाबायचे. मग कॅमेरा न हलवता दुसरा क्षण शोधायचे आणि पुन्हा दाबायचे. पहिल्या दाबाने रेकॉर्डिंग सुरू होत होतं, दुसऱ्या दाबाने बंद. जन्मभराची बोटाची सवय. आता सांगावं, तर "माझा काम नाय ह्या" म्हणून कॅमेरा माझ्या हातात ठेवतील आणि थेट खुर्ची गाठतील. न सांगावं, तर घरी टीव्हीवर हे तुकडे बघून तेच म्हणतील. जाळं किनाऱ्याला लागत होतं, बांगडे उड्या मारत होते, बाबा कमरेत वाकून हसत होते. मी मित्राला मागे ओढलं आणि बाबांना तसंच काढू दिलं.

दुपारी जेवणं झाली. मित्राला मिळालेल्या वाट्याच्या बांगड्यांचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण झालं होतं, पण माझं लक्ष कॅमेऱ्याच्या बॅगेकडे होतं. बाबांनीच घाई केली, "लाय टीव्हीक." खुर्ची त्यांनी स्वतः उचलून टीव्हीपुढे आणली. आई पदराला हात पुसत मागे उभी राहिली.

पहिला तुकडा लागला. दोर ताणलेला, एका म्हाताऱ्या रापणकराचा चेहरा, कपाळाच्या शिरा वर आलेल्या, फोकस बरोबर डोळ्यात. भिंतीवर लावावा असा फोटो. पण तो थांबला नाही. म्हाताऱ्याने श्वास सोडला, खांद्याला नाक पुसलं, शेजाऱ्याने काहीतरी म्हटलं तसा तोंडभर हसला, दोर सोडून पाण्याकडे पळाला आणि पडदा काळा झाला. दुसऱ्यात एका बाईने भरलेली टोपली डोक्यावर चढवली. ती नीट बसली, बाई सरळ उभी राहिली, हाही पुरा फोटो. मग तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं, ती लाजली आणि पदर तोंडात धरून हसत हसत चालती झाली. असे कितीतरी. प्रत्येक तुकडा बाबांच्या नेमक्या क्षणाला सुरू होत होता आणि त्या क्षणाच्या पलीकडे जात होता.

सगळे संपले. मला राहवेना. "बाबानू, ता बटण एकदाच दाबूचा असता, माझीच चूक, मी सांगूक व्हया होता..."

त्यांनी हात वर केला. "फिरून लाय."

मी परत लावलं. म्हातारा परत हसला, बाई परत लाजली. बाबा खुर्चीत पुढे सरकून बघत होते.

"फोटो झालो काय माझी मान खाली. रीळ पुढे फिरवूचा, पुढचो फोटो तयार करूचो. वर बघीपर्यंत माणसां उठान गेलेली." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "इतक्या लोकांच्या लग्नात काढलंय. फोटो झाल्यावर माणसां अशी हसतत, ह्या माका कधी बघूकच गावला नाय."

मागे आईने डोळ्यांना पदर लावला. मी निवांतची बॅग पुढे ओढली, तर बाबांनी माझ्या आधी कॅमेरा काढला, मांडीवर घेतला आणि बटणावर अंगठा ठेवून माझ्याकडे बघितलं.

"ह्या बंद कसा नाय करूचा," ते म्हणाले, "तेवढाच माका शिकय."